जेद्दाचा परवाना

सोळाव्या शतकात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून जेद्दाला निघालेल्या हाजींच्या जहाजाला पोर्तुगिजांचा परवाना लागे. त्याला कार्ताझ म्हणत. त्यावर येशू आणि मेरीची चित्रे असत. असला कागद जवळ बाळगून मक्केला जायचे? अकबराच्या दरबारातले मख्दूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी फतवा दिला की खुष्कीच्या वाटेवर शिया आणि समुद्रावर ही चित्रे, तेव्हा हज सध्या बंधनकारक नाही. ही हकिगत त्याच दरबारातल्या इतिहासकार बदायुनीने लिहून ठेवली आहे. त्याचा या मौलवींवर राग होता, म्हणून थोडा मीठमसाला वजा करावा. पण पेच खराच होता.

अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तीसुद्धा परवान्यापायी सुरतेला अडकून पडली आणि 1576 मध्ये तिचे जहाज सुटले. ती परतण्याआधीच, 1580 मध्ये, रोदोल्फो आक्वाव्हिवा आणि त्याचे जेझुइट सोबती गोव्याहून फतेहपूर सिक्रीला पोहोचले होते. इबादतखान्यात, म्हणजे अकबराच्या धर्मचर्चेच्या दालनात, त्यांचे मुल्लांशी वाद रंगले. एकाच गोव्याने एका हाताने धर्मचर्चा चालवली, दुसऱ्या हाताने हाजींची नाकेबंदी. मिशनऱ्यांच्या पत्रांवर भाळणारे अभ्यासक हा दुसरा हात सहसा विसरतात.

1613 मध्ये जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज, परवाना असूनही, पोर्तुगिजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले. बादशहाने आग्र्याचे चर्च बंद केले, पाद्र्यांचा तनखा थांबवला आणि दमणला वेढा पडला. तहाच्या बोलण्यांत मध्यस्थ कोण? येशूचे चरित्र फारसीत लिहिणारा जेरोम झेवियर, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्याच घराण्यातला जेझुइट.

आता परवाना देणारा बदलला आहे. जेद्दात नोकरी करणाऱ्या गोव्याच्या किंवा वसईच्या कॅथलिक माणसाला मिस्सासाठी चर्च नाही. प्रार्थना चार भिंतींच्या आत. शहरात बिगरमुस्लिमांची दफनभूमी मात्र जुनी आहे. सौदी अरेबियातल्या कॅथलिकांचे धर्मप्रांतीय मुख्यालय बहारीनमध्ये, आणि तिथल्या अवालीत 2021 मध्ये मोठे कॅथेड्रल उभे राहिले.

व्हॅटिकनने 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात मुसलमानांविषयी आदर नोंदवला. 1974 मध्ये कार्डिनल पिन्येदोली सौदी राजे फैसल यांना भेटले. सौदी पैशाच्या मोठ्या मदतीने रोममध्ये मशीद उभी राहिली, तिचे 1995 मध्ये उद्घाटन झाले. तेव्हापासून कॅथलिक जगात एक वाद धुमसतो आहे: रोममध्ये मशीद, मग अरबस्तानात चर्च का नाही? परतफेडीची अट घातली तर संवाद सुरूच होत नाही, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसरा म्हणतो, अट न घालता बोलणे म्हणजे निव्वळ शिष्टाचार. 2007 मध्ये सौदी राजे अब्दुल्ला पोप बेनेडिक्ट यांना भेटले, 2018 मध्ये कार्डिनल तोराँ रियाधला जाऊन मुस्लिम वर्ल्ड लीगशी करार करून आले. मला दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद जास्त पटतो, पण गोव्याकडून तो ऐकताना ‘रहीमी’ आठवते. तिचे उतारू तर परवाना घेऊनच निघाले होते.