काटा अडकला, टाकी भरत राहिली

इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी वाहू लागली, की खालून कोणीतरी ओरडतं आणि मोटर बंद होते. पण साठ लाख लिटर पेट्रोलची टाकी वाहू लागली तर? ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे लंडनजवळच्या बन्सफिल्ड डेपोत नेमकं हेच घडलं.

आदल्या संध्याकाळपासून ९१२ क्रमांकाच्या टाकीत पाइपलाइनमधून पेट्रोल येत होतं. तीनच्या सुमारास पातळी दाखवणारा गेज अडकला. पेट्रोल चढत होतं, पडद्यावरचा आकडा मात्र हलत नव्हता. त्यामुळे धोक्याची घंटाही वाजली नाही. अशा वेळेसाठी टाकीच्या माथ्यावर एक स्वतंत्र स्विच होता. पातळी वर पोहोचताच त्याने पुरवठा आपोआप तोडायचा. पण त्याची चाचणी घेण्याचा दांडा योग्य जागी धरून ठेवायला एक छोटं कुलूप लागतं, आणि ते बसवलेलंच नव्हतं. स्विच निकामी झाला होता आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

साडेपाचनंतर पेट्रोल छतावरच्या झरोक्यांतून उतू जाऊ लागलं. उंचावरून पडताना त्याचे बारीक थेंब झाले आणि थेंबांची वाफ झाली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरली. सहाच्या ठोक्याला स्फोट झाला. भूकंपमापकांवर त्याची नोंद २.४ रिश्टर इतकी झाली. रविवारची पहाट असल्याने भोवतालची कार्यालयं रिकामी होती, म्हणून जीवितहानी झाली नाही. तरी ४३ जण जखमी झाले.

अशा टाक्यांची सुरक्षा एकामागे एक उभ्या केलेल्या कड्यांवर चालते. पहिली कडी खुद्द टाकी. तिचा तळ गंजू नये म्हणून विद्युत संरक्षण दिलेलं असतं आणि वापरात आणण्याआधी ती पाण्याने भरून तपासायची असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २ जानेवारी १९८८ रोजी जुन्या पोलादातून पुन्हा उभारलेली एक टाकी पहिल्यांदाच काठोकाठ भरताना फाटली. तिची चाचणी जेमतेम पाच फूट पाण्याने उरकली होती. डिझेलची लाट टाकीभोवतीच्या बांधावरून उसळली आणि लाखो लिटर तेल मोनोंगाहेला नदीत गेलं.

पेट्रोलसारख्या पटकन उडणाऱ्या इंधनासाठी तरंगतं छत वापरतात. ते इंधनावरच टेकलेलं असल्याने मधे वाफ साचायला जागा उरत नाही. छताच्या कडेची सील मात्र सतत सांभाळावी लागते. टाक्यांना विजेचा धोकाही असतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई बंदरातल्या बुचर बेटावर वीज पडून डिझेलची टाकी पेटली आणि ती विझवायला काही दिवस लागले. फेस सोडणारी यंत्रणा आणि शेजारच्या टाक्या गार ठेवणारे पाण्याचे फवारे अशाच वेळी कामाला येतात.

शेवटची कडी म्हणजे डाइक, टाक्यांभोवतीचा बांध. आवारातली सर्वांत मोठी टाकी फुटली तरी तिच्यातलं सगळं इंधन त्यात मावलं पाहिजे. बन्सफिल्डला बांधाच्या काँक्रीटचे सांधे आणि पाइप जाण्यासाठीची छिद्रं तग धरू शकली नाहीत. इंधन आणि आग विझवण्याचा फेस जमिनीत मुरला, भूजल दूषित झालं.

चार वर्षांनी जयपूरच्या सीतापुरा टर्मिनलमध्ये याच कड्यांची परीक्षा झाली. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी पेट्रोल दुसऱ्या टर्मिनलकडे पाठवण्याची तयारी करताना पाइप बंद-चालू करणाऱ्या ‘हॅमर ब्लाइंड’ व्हॉल्व्हमधून पेट्रोलचा फवारा उडाला. वाफेने गुदमरलेल्या कर्मचाऱ्यांना टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद करता आला नाही आणि नियंत्रण कक्षातून तो बंद करण्याची सोय नादुरुस्त होती. पावसाचं पाणी काढण्यासाठी बांधाला ठेवलेला व्हॉल्व्हही उघडाच होता. पेट्रोल गटारांतून आवारभर पसरलं आणि सुमारे सव्वा तासाने भडका उडाला. ११ जणांचा बळी गेला. आग तब्बल ११ दिवस धुमसत राहिली.

या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीने शिफारशी केल्या: असे हॅमर ब्लाइंड काढून टाका, दुरून बंद होणारे व्हॉल्व्ह लावा, वाफ हुंगणारे डिटेक्टर बसवा. भारतात अशा साठ्यांना परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे आणि तेल उद्योगासाठी ‘ओआयएसडी’ या सुरक्षा संचालनालयाची सविस्तर मानकं आहेत. नियमांची वानवा नाही.

उणीव असते ती रोजच्या देखभालीत. बन्सफिल्डचा गेज ऑगस्टअखेरपासून स्फोटाच्या दिवसापर्यंत १४ वेळा अडकला होता. प्रत्येक वेळी तो तात्पुरता चालू केला गेला. त्यामागचं कारण मात्र कोणी शोधलं नाही. २०१० मध्ये ब्रिटिश न्यायालयाने या दुर्घटनेबद्दल पाच कंपन्यांना शिक्षा ठोठावली.