क्षयाच्या गोळ्या सहा महिने का?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील वस्त्यांत फिरताना आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. "खोकला थांबला, ताप गेला, भूक लागते. मग क्षयाच्या गोळ्या अजून चार महिने कशाला?" विचारणारा बहुधा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणारा असतो, नाहीतर मुंबईच्या चाळीतून आजारी होऊन गावी परतलेला. दवाखान्याच्या खेपेला एका दिवसाचा रोजगार बुडतो, हे आम्हाला कळते. पण या प्रश्नाचे उत्तर आपल्या शरीरातील पेशींत आहे.

रुग्ण खोकला की बारीक तुषारांबरोबर क्षयाचा जंतू बाहेर पडतो आणि कोंदट खोलीत बराच वेळ तरंगतो. श्वासाबरोबर तो फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत जातो. तिथे रक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. आलेला जंतू गिळायचा, पिशवीत कोंडायचा, मग त्या पिशवीला पाचक आम्लाची दुसरी पिशवी जोडून त्याला जिरवून टाकायचे, हे त्यांचे काम. बहुतेक जंतू इथेच संपतात. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मात्र मेणासारखे जाड कवच असते. शिवाय तो अशी द्रव्ये सोडतो की त्या दोन पिशव्या एकत्र येतच नाहीत. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार!

विषमज्वराच्या जंतूची तऱ्हा वेगळी. तो दूषित पाण्यातून आतड्यात उतरतो आणि सुईसारख्या अवयवाने पेशीत द्रव्ये टोचतो; मग ती पेशीच त्याला आत ओढून घेते. क्षयाच्या जंतूला एवढेही कष्ट नाहीत. त्याला गिळणारेच त्याला घर देतात.

हा जंतू मोठा सावकाश. कित्येक जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, याला जवळजवळ एक दिवस लागतो. शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधते आणि तिच्यात तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. लागण झालेल्या शंभरांतील पाच-दहा जणांनाच पुढे रोग होतो. उपासमार, मधुमेह, दारू यांनी शरीर खचले की त्याचे फावते.

उपचारात पहिले दोन महिने चार औषधे असतात, पुढचे चार महिने तीन. वाढणारे जंतू आधी मरतात, म्हणून खोकला लवकर थांबतो. पेशींत आणि गाठींत दडलेले मागे राहतात. गोळ्या मध्येच सोडल्या तर तेच उठतात आणि त्यांत औषधाला दाद न देणारेही निपजतात. (रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. रक्त समजून घाबरू नये.)

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जाहीर केला. त्यानंतर पाच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात याच रोगाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. जंतू सापडला होता, औषध नव्हते. ते १९४० नंतरच आले.

काही घरांत रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे ठेवतात. क्षय ताटावरून पसरत नाही, हवेतून पसरतो. वेगळ्या भांड्याचे दुःख आपल्या लोकांना कुणी सांगायला नको. खिडकी उघडी ठेवावी, खोकताना रुमाल धरावा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव किंवा मंचरच्या सरकारी रुग्णालयात बेडका तपासून घ्यावा. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असताना आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. ती थेट बँकेत जमा होते, तेव्हा नोंदणीला जाताना पासबुक आणि आधार कार्ड बरोबर न्यावे.