प्रार्थनेचे गाणे जत्रेत जाते तेव्हा

श्रोतेहो, देवाचे गाणे देवळातच शोभते असे म्हणणारी माणसे आपल्याकडे आहेत, तशी ती अमेरिकेतही आहेत. जत्रेच्या मांडवात, तिकीट काढून आलेल्या गर्दीपुढे तेच गाणे म्हटले, तर ते भजन राहते की नुसती करमणूक होते? या प्रश्नाला एका गायकमंडळीने आपल्या गाण्यातूनच उत्तर दिले. त्या मंडळीचे नाव ‘ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’, म्हणजे अलाबामाची अंध मुले. तिची हकीकत आज आपण ऐकू.

ही मंडळी जे गाते त्याला ‘गॉस्पेल’ म्हणतात. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी अमेरिकेच्या शेतांत राबताना आणि प्रार्थनेला जमताना जी गाणी रचली, त्यांच्या पोटी हे संगीत जन्मले. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केले होते. पण कायदा झाला तरी भेद राहिला. शाळा वेगळ्या, देवळे वेगळी, आगगाडीचे डबेही वेगळे.

पुढे १९३० नंतर शिकागो शहरात टॉमस डॉर्सी या संगीतकाराने भक्तिगीतांना नवे वळण दिले. तो आधी बैठकीतल्या ब्लूज गाण्यांची साथ करीत असे. ती लय त्याने प्रार्थनेत आणली, तेव्हा कित्येक देवळांनी नाके मुरडली. गंमत पाहा. आधी भांडण झाले ते बाहेरची चाल देवळात आणल्याबद्दल, आणि नंतर झाले ते देवळातले गाणे बाहेर नेल्याबद्दल!

आता हे गाणे बांधलेले कसे असते ते पाहू. अशा मंडळीला ‘क्वार्टेट’, म्हणजे चौकडी म्हणतात. माणसे मात्र पाच किंवा सहाही असतात. चार असतात ते आवाजाचे थर. तळाशी खर्ज, वर दोन मधले आवाज आणि त्यांच्याही वर एक उंच आवाज. आपल्या भजनात सगळे मिळून एकच सूर लावतात. इथे एकाच वेळी निरनिराळे सूर लावून ते एकमेकांत बसवायचे असतात. एकजण पुढे होऊन गातो, बाकीचे झील धरतात. गाणे रंगात आले की मागची मंडळी एक लहानशी ओळच घोळवीत राहते, आणि पुढचा गायक तिच्यावर स्वतःचे बोल, हाका, हुंकार चढवीत जातो. टाळकऱ्यांनी ध्रुपद धरून ठेवावे आणि बुवांनी त्यावर रंगत आणावी, तसेच म्हणा ना.

अलाबामा राज्यात टॅलाडेगा गावी कृष्णवर्णीय मूकबधिर व अंध मुलांची वेगळी शाळा होती. तिथल्या काही मुलांनी १९३९ मध्ये ही मंडळी उभी केली. त्यांतला क्लॅरेन्स फाउंटन तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. रेडिओवर ‘गोल्डन गेट क्वार्टेट’चे गाणे लागे, ते ही मुले कान देऊन ऐकत. मग कोणाचा सूर कुठे लागतो ते आपसात वाटून घेत. रेडिओ हाच त्यांचा गुरू, असे म्हटले तर चूक होणार नाही. जवळच्या छावण्यांतल्या सैनिकांपुढे ती गाऊ लागली. पुढे शाळा सोडून ती बाहेर पडली. त्यांचा धंदेवाईक पहिला कार्यक्रम जून १९४४ मध्ये झाला, तोही बर्मिंगहॅम शहराच्या रेडिओ केंद्रावर.

त्या काळी दक्षिणेत काळ्या माणसाला रस्त्यावरच्या खाणावळीत बसू देत नसत, मुक्कामाला जागा देत नसत. तशात ही अंध पोरे गावोगाव हिंडत होती. १९४८ मध्ये न्यू जर्सीत मिसिसिपीच्या अंध गायकांशी त्यांची चढाओढ लावली गेली. तेव्हापासून ‘ब्लाइंड बॉइज’ हेच नाव रूढ झाले.

खरी कसोटी पुढे आली. सॅम कुक हा एका गॉस्पेल मंडळीचा लाडका गायक १९५७ मध्ये प्रेमगीतांकडे वळला आणि देशभर गाजला. पैसा तिकडे होता. अलाबामाच्या मंडळीलाही तसा आग्रह झाला. तिने नकार दिला. नकाराची किंमतही मोजली. लोकांची आवड बदलली तरी ही मंडळी पुष्कळ वर्षे लहान देवळांतून आणि शाळांच्या सभागृहांतून गात राहिली.

मग १९८३ मध्ये ‘गॉस्पेल ॲट कोलोनस’ हे नाटक आले. जुन्या ग्रीक कथेतला अंध राजा इडिपस या मंडळीने सर्वांनी मिळून उभा केला. प्रार्थनेला कधी न जाणारा प्रेक्षक त्यांना प्रथमच भेटला, आणि मोठमोठ्या संगीत महोत्सवांची दारे उघडली.

असा एक महोत्सव न्यू ऑर्लिन्स शहरात भरतो. १९७० मध्ये तो काँगो स्क्वेअर या चौकाशी सुरू झाला. याच जागी पूर्वी गुलाम लोक रविवारी जमून गात, नाचत. १९७२ पासून तो घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर भरतो. खाण्याची दुकाने, बँड, गर्दी, सगळा जत्रेचा थाट. आणि त्यातच गॉस्पेलसाठी एक वेगळा तंबू. त्या तंबूत ही मंडळी अनेकदा गायली आहे. एकसारखे कपडे, डोळ्यांवर काळे चष्मे, पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचा हात, अशी रांगेने ती रंगमंचावर येई. फाउंटन यांच्यामागून जिमी कार्टर (हे राष्ट्राध्यक्षांचे केवळ नावबंधू!) यांनी पुढारपण केले. म्हातारपणीही ते मदतनिसाचा हात धरून खाली श्रोत्यांत उतरत आणि एकच सूर एका दमात इतका लांबवीत की लोक आपोआप उभे राहत.

तर मग हे भजन की करमणूक? २००१ च्या ध्वनिमुद्रिकेत या मंडळीने ‘अमेझिंग ग्रेस’ ही प्रार्थना, एका बदनाम घराची कहाणी सांगणाऱ्या लोकगीताच्या चालीवर म्हटली. चाल उसनी घेतली, साथीला नवे वादक घेतले, जत्रेचे आमंत्रण घेतले. प्रार्थनेचे शब्द मात्र सोडले नाहीत. कशाची तडजोड करायची आणि कशाची नाही, हे त्यांनी स्वतः ठरवले. दुसऱ्या कोणाला ठरवू दिले नाही. २००९ मध्ये त्यांना ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. फाउंटन २०१८ मध्ये वारले. जुनी माणसे गेली, तरी त्यांच्या जागी नवे आवाज उभे राहिले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या मंडळीचे एखादे गाणे मुलांना जरूर ऐकवा. आधी मुलांना डोळे मिटायला सांगा. पहिल्या वेळी फक्त खर्ज शोधू द्या, दुसऱ्या वेळी वरचा आवाज, तिसऱ्या वेळी सगळे मिळून. टॅलाडेगाची मुलेही रेडिओपाशी बसून असेच ऐकायला शिकली होती.