विषाची मात्रा आणि तिचे वेळापत्रक

विष एकूण किती पोटात गेले, एवढ्यावरून त्याचा मज्जातंतूंवरील परिणाम सांगता येत नाही. ते एकदम गेले की थोडेथोडे रोज जात राहिले, हेही पाहावे लागते.

पाटन तालुका ज्या जबलपूर जिल्ह्यात आहे, त्याच्या जवळपासच्या सागर भागात १८२९ पासून तीन वर्षे गारपीट, अवर्षण व पिकावरील रोग यांमुळे गहू बुडाला. लोक तेवड्यावर, म्हणजे विदर्भातील लाखोळीवर, जगले. १८३३ पासून तरुणांचे पाय लुळे पडू लागले, अशी हकीकत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या ग्रंथात दिली आहे. एखाद्या जेवणातील लाखोळीने असे होत नाही. पण तीच मुख्य अन्न म्हणून दोन-तीन महिने रोज खाल्ली, तर तिच्यातील विषारी अमिनो आम्ल पायांची हालचाल चालविणाऱ्या मज्जापेशींना कायमची इजा करू शकते.

ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट या औद्योगिक रसायनाची तऱ्हा निराळी आहे. १९५९ मध्ये मोरोक्कोत ते वंगणातून खाद्यतेलात गेले व सुमारे दहा हजार माणसे पंगू झाली. १९६० मध्ये मुंबईतही त्याची बाधा झाली. येथे एकच मोठी मात्रा पुरते, मात्र पाय दहा ते वीस दिवसांनी लुळे पडतात. कोंबड्यांवरील प्रयोगांत असे दिसले की, मज्जातंतूंतील एका विशिष्ट प्रथिनाचा सुमारे ७० टक्के भाग एकदम निकामी झाला, तर पुढे पक्षाघात होतो. लहान मात्रांमध्ये पुरेसे अंतर असल्यास शरीर ते प्रथिन पुन्हा तयार करते. रोजच्या मात्रेने मात्र ही भरपाई अपुरी पडते.

हेक्झेनयुक्त गोंद वापरणाऱ्या कारखान्यांत हाच हिशेब महत्त्वाचा ठरतो. त्याची वाफ महिनोगणती श्वासात गेल्यास पावले बधिर होतात, मग हातपाय दुर्बल होतात. काम सोडल्यावरही काही काळ विकार वाढतच राहतो. हवेतील वाफेची सुरक्षित मर्यादा सामान्यतः दिवसाचे आठ तास व आठवड्याचे पाच दिवस धरून ठरवितात. कामगार दुहेरी पाळी करू लागला, तर त्याची मात्रा वाढते आणि विष बाहेर टाकण्यास मिळणारा विश्रांतीचा काळ घटतो. म्हणून वाफ किती, याबरोबरच तास किती आणि सुट्टी किती, हेही नोंदले पाहिजे.