रॅम्प आहे, पण चढ किती?

मे महिना लागला की बेळगाव, कोल्हापूर, पुण्याकडची कितीतरी कुटुंबं बंगळुरूच्या नातेवाइकांकडे येतात. पाहुण्यांना दाखवायच्या यादीत लालबाग, कब्बन पार्क, बन्नेरघट्टा असतंच, आणि मुलं बरोबर असली की म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळचं ‘वंडरला’ हे करमणूक उद्यानही असतं. २००५ साली ते सुरू झालं, तेव्हापासून शहरातल्या शाळांच्या सहली आणि घरगुती बेत तिकडेच वळतात. घरात व्हीलचेअर वापरणारी आजी किंवा काका असले, तर कुठल्याही उद्यानाला निघण्याआधी फोनवर एक प्रश्न हमखास विचारला जातो : तिथं रॅम्प आहे का? बहुतेक ठिकाणांहून ‘आहे’ असंच उत्तर येतं, आणि सगळे निर्धास्त होतात. पण हा प्रश्न अपुरा आहे. खुर्चीत बसलेल्याचा आणि ती ढकलणाऱ्याचा दिवस कसा जाणार, हे त्या रॅम्पच्या चढावर ठरतं.

चढाचं गणित साधं आहे. एक मीटर उंची गाठायला बारा मीटर लांबीचा रॅम्प बांधला, तर तो ‘बाराला एक’. हाच चढ आठ मीटरांत संपवला तर आठाला एक, पाच मीटरांत संपवला तर पाचाला एक. आता साठ-बासष्ट किलो वजनाची आजी आणि अठरा किलोची खुर्ची, असं ऐंशी किलोचं वजन धरू. बाराला एक चढावर ते वर नेताना हातांवर सुमारे साडेसहा किलोचा भार सतत राहतो. चाकांचा जमिनीशी होणारा अडथळा धरला तर आठेक किलो. आठाला एकवर हाच भार अकरा किलोंच्या आसपास जातो आणि पाचाला एकवर सतरा किलोंपर्यंत. बंगळुरूच्या घराघरांत येणारा पाण्याचा वीस लिटरचा कॅन जवळजवळ भरलेला असावा आणि तो तळापासून वरपर्यंत एका दमात रेटत न्यावा, इतका हा जोर आहे. तोही ढकलणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराचं वजन सोडून. सपाट जमिनीवर जी खुर्ची दहा वर्षांचा नातू सहज फिरवतो, तीच अशा चढावर धट्ट्याकट्ट्या माणसाला दम काढायला लावते. ढकलणारी जर साठीची सून किंवा सत्तरीचा नवरा असेल, तर काय होतं हे वेगळं सांगायला नको.

बाराला एक ही मर्यादा कुणाच्या मनात सहज आली म्हणून ठरलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिक विद्यापीठांत शिकायला आले. इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांनी त्यांच्यासाठी काम उभं केलं, आणि तिथल्या अनुभवातून १९६१ साली अमेरिकेचं पहिलं सुगम्यता मानक तयार झालं. त्यात रॅम्पचा कमाल चढ बाराला एक ठरवला गेला. आज भारताच्या केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वंही हीच कमाल मर्यादा सांगतात. शिवाय दर ७५० मिलिमीटर उंचीनंतर, म्हणजे नऊ मीटर चढल्यावर, दम खायला सपाट टप्पा हवा. दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा.

मग बांधणारे चढ का वाढवतात? कारण जागा लागते. तीन मीटर उंचीच्या फलाटावर बाराला एकने जायचं, तर छत्तीस मीटर रॅम्प आणि मधले तीन सपाट टप्पे, म्हणजे चाळीस मीटरांच्या वर लांबी होते. पाचाला एकने तेच काम पंधरा मीटरांत उरकतं. वाचलेल्या पंचवीस मीटरांत एखादं खाद्यपदार्थांचं दुकान बसतं. ते पंचवीस मीटर नकाशावरून गायब झाले, तरी त्यांची किंमत कुणीतरी चुकवतंच : ढकलणाऱ्याचे खांदे, कंबर आणि मनगटं.

करमणूक उद्यानांत उंचीचा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त येतो, आणि त्याला सबळ कारणं आहेत. बिडदी-रामनगरचा सगळा पट्टाच ग्रॅनाइटच्या टेकड्यांचा. ‘शोले’चं रामगढ इथल्याच खडकांत उभं राहिलं होतं. अशा जमिनीवर काहीही सपाट बांधायचं म्हणजे खडकाशी झगडा. त्यात पाळण्यांची रचना पाहा. ओंडक्याच्या आकाराची होडी असो की रोलर कोस्टर, ज्या खेळांत गुरुत्वाकर्षण काम करतं, त्यांत वर चढावं लागतं. त्यामुळे बसण्याचा फलाटही बहुधा जमिनीपासून उंच असतो आणि रांग वळणावळणाने चढत जाते. कृत्रिम नदीवरून किंवा छोट्या आगगाडीच्या रुळांवरून पलीकडे जायचा पूल मधोमध उंच केलेला असतो. जलक्रीडेच्या भागात तर वाटभर आडव्या चऱ्या आणि त्यांच्या जाळ्या. खुर्चीची पुढची छोटी चाकं नेमकी त्या फटींत अडकतात. शिवाय ओली फरशी आणि अनवाणी पाय. कोरड्या काँक्रीटवर बुटांची जी पकड मिळते, ती तिथं मिळत नाही. तोच चढ, तेच वजन, पण पाय मागे सरकतो.

अशा चढावर खुर्ची कशी न्यावी, हे आपल्याकडे फारसं कुणी शिकवत नाही. रुग्णालयातून सुटी होते, दुकानातून खुर्ची येते आणि ढकलणं आपोआप येईल असं सगळे धरून चालतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चढताना खुर्चीचं तोंड वरच्या दिशेला आणि ढकलणारा खाली, मागे. हात ताठ ठेवून फक्त खांद्यांनी रेटलं तर पाच-सहा मीटरांत दम संपतो. कोपर थोडे वाकवून, मुठी कमरेच्या उंचीवर धरून, शरीर पुढे झुकवून पायांनी जोर लावायचा. पावलं लहान टाकायची. मध्ये थांबायची वेळ आली तर खुर्ची आडवी वळवू नका. उतारावर आडवी उभी असलेली खुर्ची खालच्या बाजूला ओढ घेते आणि कलंडू शकते. तोंड सरळ वर ठेवूनच थांबा आणि दोन्ही चाकांचे ब्रेक लावा. हे ब्रेक उभी खुर्ची जागेवर धरण्यासाठी असतात. चालत्या खुर्चीचा वेग कमी करायला ते कधीही वापरू नयेत, कारण चाक एकदम अडतं आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो.

आपल्या सहलींची एक सवय इथं धोकादायक ठरते. डब्यांची, पाण्याच्या बाटल्यांची, ओल्या कपड्यांची जड पिशवी खुर्चीच्या मागच्या मुठींना टांगलेली असते. सपाट जागी त्याने काही बिघडत नाही. तीव्र चढावर मात्र खुर्चीचा तोल आधीच मागे गेलेला असतो. त्यात ही पिशवी भर घालते, पुढची चाकं उचलली जातात आणि खुर्ची मागे पडते. पिशवी खुर्चीखाली ठेवा किंवा दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर द्या.

उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड. तीव्र उतारावर ढकलणाऱ्याने पाठमोरं उतरायचं : आपण खाली, खुर्चीची पाठ आपल्याकडे, बसलेल्याचं तोंड वर. मग बसलेला माणूस पाठीला टेकून राहतो, सीटवरून पुढे घसरत नाही. दर दोन-चार पावलांनी मान वळवून मागे पाहायचं. सरळ तोंडाने उतरलात तर तोच पंधरा-सोळा किलोंचा ओढा तुमच्या हातांतून खुर्ची हिसकावू पाहतो. बरोबर आणखी एक माणूस असेल तर त्याने पुढून खुर्चीच्या सांगाड्याला हात द्यावा. खुर्चीचे सुटे होणारे हात आणि पाय टेकवायच्या पट्ट्या धरू नयेत, त्या निघून हातात येतात. बंगळुरूत मदतीला धावून येणारे लोक खूप आहेत. फक्त त्यांना ‘निधान, निधान’ म्हणजे सावकाश, एवढं कन्नडमध्ये सांगता आलं पाहिजे.

आणि बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय खुर्ची हलवू नका. चढ सुरू होतोय, आता मागे कलणार, आता वळणार, हे बोलून सांगा. आपलं शरीर दुसऱ्याच्या हातात दिलेल्या माणसाची भीती ढकलणाऱ्याला दिसत नाही, कारण तो पाठीमागे असतो.

कोल्हापुरात दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांनी वाचलेलं आहे. बंगळुरूतही अशा कामाची परंपरा जुनी आहे. स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या एन. एस. हेमा यांनी १९५९ साली इथं दिव्यांगांसाठी ‘द असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी’ ही संस्था सुरू केली. १९९४ पासून ‘मोबिलिटी इंडिया’ कृत्रिम अवयव आणि व्हीलचेअरच्या क्षेत्रात काम करते. ‘किलिकिली’ या पालकांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या संस्थेने महापालिकेच्या कोल्स पार्कसारख्या बागांत सगळ्या मुलांना एकत्र खेळता येईल अशा जागा घडवल्या. म्हणजे या शहरात जाणकार माणसं आहेत. मोठं उद्यान आखताना त्यांना नकाशासमोर बसवलं तर उतार कागदावरच दुरुस्त होतो.

सुगम्य उद्यानाची ही कल्पना कुठवर नेता येते, त्याचं परदेशातलं उदाहरण टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत आहे. गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या दिव्यांग मुलीला इतर मुलांत मिसळता येत नाही हे पाहिलं आणि २०१० साली ‘मॉर्गन्स वंडरलँड’ उघडलं. तिथले पाळणे खुर्चीसकट चढता येतील असे आहेत. २०१७ मध्ये शेजारी जलक्रीडेचा भाग आला, आणि पाण्यात बॅटरीची खुर्ची चालणार नाही म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठाने दाबलेल्या हवेवर चालणारी खुर्ची तयार केली. दिव्यांगांना तिथं तिकीट नाही.

आपल्याकडे कायदा कमी पडत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत खासगी इमारतीही येतात, आणि करमणुकीच्या जागांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या इमारती सुगम्य करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. नव्या बांधकामाला नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत, पुढच्यांना पन्नास हजार ते पाच लाख दंड आहे. अंमलबजावणी अडली ती मानकं बंधनकारक की केवळ मार्गदर्शक, या प्रश्नावर. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो सोडवला : शिफारशींवर भागणार नाही, किमान मानकं सक्तीची हवीत, आणि केंद्राने तीन महिन्यांत ती ठरवावीत. माझ्या मते त्या सक्तीच्या यादीत रॅम्पचा चढ सर्वांत वर असला पाहिजे. चढ चुकला तर रुंद दरवाजा, खास स्वच्छतागृह, राखीव जागा या सगळ्यांपर्यंत माणूस पोचतच नाही.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या मोबाइलमध्ये कोन मोजणारं साधन असतं. बाराला एक म्हणजे पावणेपाच अंश. पुढच्या वेळी कुठल्याही उद्यानात, मॉलमध्ये, मंगल कार्यालयात गेलात की फोन रॅम्पवर ठेवा आणि आकडा पाहा, घरात व्हीलचेअर नसली तरीही. पाच अंशांहून जास्त भरला तर फोटोसह व्यवस्थापनाला लिहा. उत्तर आलं नाही तर त्या राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. कायद्याने चौकशीचा अधिकार त्यांना दिलेला आहे.