घरगुती मुलाखत आणि माफक खर्च

मुलाखतींचें ध्वनिमुद्रण करून तें इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध करण्यास पॉडकास्ट म्हणतात. हा शब्द २००४ सालापासून रूढ होऊं लागला. त्यासाठीं भारी यंत्रसामग्री हवी, अशी सर्वसाधारण समजूत आहे; ती खरी नाहीं. स्पष्ट ध्वनीला बाधक होतें तें मुख्यतः अंतर. बोलणारा मायक्रोफोनपासून दोन फुटांऐवजीं एक फुटावर बसला, तर त्याचा आवाज सुमारें ६ डेसिबलनें वाढतो. खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून आरंभीं घरांतील मोबाइल फोनच पुस्तकांच्या चळतीवर, उत्तर देणाराच्या तोंडाजवळ ठेवावा. जमिनीवर सतरंजी अंथरावी, खिडक्यांना जाड पडदे लावावे व पंखा बंद करावा. काटछाटीसाठीं ‘ऑडॅसिटी’ हें साधन विनामूल्य मिळतें.

‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढ्यानें उत्तर संपेल असा प्रश्न टाळावा, आणि उत्तरानंतर क्षणभर थांबावें. पुष्कळदां खरी आठवण त्या विरामानंतरच येते. प्रसिद्धीपूर्वीं संमति मात्र अवश्य घ्यावी. आजीच्या ओव्या किंवा आजोबांच्या गिरणींतील दिवसांची हकीकत त्यांच्याच आवाजांत राहावी असें वाटत असेल, तर उत्तम यंत्र येईपर्यंत थांबूं नये. यंत्र पुढें केव्हांही घेतां येईल.