राईला देव, नदीला ढापे

पुणे–नाशिक रस्त्यानं मंचर सोडलं की थोड्याच वेळात तीन नद्या ओलांडाव्या लागतात. कळंबला घोड, नारायणगावला मीना आणि आळेफाट्याच्या अलीकडे कुकडी. नवा रस्ता इतका रुंद आणि सरळ झालाय की गाडीतल्या माणसाला नदी आली कधी नि गेली कधी हे कळतसुद्धा नाही. पूर्वी एसटीच्या खिडकीतून पाण्यात नाणं टाकायला तरी एखादा हात बाहेर यायचा.

या तिन्ही नद्या फार लांबून येत नाहीत. घोड आंबेगाव तालुक्यात आहुप्याच्या बाजूला उगवते, मीना जुन्नरच्या दुर्ग-ढाकोबाच्या डोंगरात, तर कुकडी चावंड किल्ल्याजवळच्या पूर गावात. तिथं कुकडेश्वराचं जुनं शिवालय आहे. उगमापाशी प्रत्येक नदीला देव आहे. थोडं खाली उतरलं की धरण लागतं: घोडेवर डिंभे, मीनेवर वडज, कुकडीवर माणिकडोह आणि पुढं येडगाव. पिंपळगाव जोगे धरून ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंत जातं. देवाच्या हद्दीतून नदी पाटबंधारे खात्याच्या हद्दीत कधी शिरते, ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. लोकांनी निसर्ग राखला, असं आपण मोघम म्हणतो. पण कुठल्या हद्दीत राखला आणि कुठल्या हद्दीत राखता आला नाही, हे पाहिल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

आधी वरच्या हद्दीत जाऊ. पश्चिम पट्ट्यातली वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. वरसूबाई, कळमजाई, भैरवनाथ ही त्यांची दैवतं. वरसूबाईच्या तर नावातच पाऊस ऐकू येतो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते. त्या दिवशी गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात. या देवांच्या भोवती राया आहेत, आणि त्यातली आहुप्याची भैरवनाथाची राई मोठी आणि नावाजलेली. रायांचे नियम कुठं लिहून ठेवलेले नाहीत, तरी शेंबड्या पोराला पाठ असतात. हिरवं तोडायचं नाही. वाळलेली फांदी आपोआप पडली तरी ती चुलीला न्यायची नाही. देवळाला खांब किंवा वासा हवा असला तर गाव बसतं, देवाला कौल लावतं, आणि कौल मिळाला तरच कुऱ्हाड उचलायची.

अशा राईत भर एप्रिलमध्ये शिरलं तरी पायाखालचा पाचोळा आतून ओलसर लागतो. वरचा थर करकरीत वाळलेला, बोटभर खाली काळपट, त्याखाली मातीच. पावसाचं पाणी या गादीत मुरतं आणि खालच्या झऱ्याला पुढं कित्येक महिने पुरतं. पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट उजळते. तो उजेड पाहायला आता पुण्या-मुंबईहून गाड्या येतात, आणि एवढ्या हेडलाइटांत बुरशी दिसायची तरी कशी, हा प्रश्न कुणालाच पडत नाही.

देवरायांकडं शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं ते 1970च्या दशकात. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या राया पायी हिंडून नोंदवल्या. त्याच काळात रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांची मदत मागितली. त्यांच्या राईवर तोडीचं संकट होतं आणि गावाचा ओढा त्याच राईतून निघत होता. लोकांनी राई पाण्यासाठी वाचवायला काढली होती. देव तिथं आधीपासून होताच. ‘भीतीपोटी राखलेलं जंगल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं. देव म्हणजे गावानं आपल्याच नियमाखाली केलेली सही. ती सही पुसली जाते तेव्हा कुऱ्हाड दरवेळी बाहेरून आलेली असते असंही नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली सिमेंटचा सभामंडप, त्याला लागून गाड्यांचा तळ, आणि देवाच्याच नावानं देवाची झाडं आडवी, हे सह्याद्रीतल्या अनेक रायांचं झालंय.

पण राई हा डोंगराचा छोटासा तुकडा. उरलेल्या डोंगरावर झाडं टिकली ती हिरड्यामुळं. कोवळं, आठळी न धरलेलं फळ म्हणजे बाळहिरडा. उन्हाळ्याच्या तोंडाला घरातली सगळी माणसं झाडाखाली जमतात. एक जण वर चढून काठीनं झोडपतो, बाकीचे वेचतात. मग अंगणात, खडकावर, जागा मिळेल तिथं वाळवण. हिरवट फळ चार दिवसांत सुरकुततं, काळं पडतं, आणि ओंजळीत घेऊन हलवलं की खड्यांसारखं वाजतं. ते वाजायला लागलं म्हणजे पोती भरायची. औषधाला, कातडं कमवायला, रंगाला हिरडा लागतो. भातावर वर्षभराचं पोट भरत नाही. मिठामिरचीचा, पोरांच्या वह्यांचा, लग्नातल्या लुगड्यांचा पैसा हिरड्याचा. त्यामुळं बांधावरचा हिरडा उगाच कुणी तोडत नाही. कायद्यानंही तो राखीव यादीतलं झाड आहे, परवानगीवाचून तोडता येत नाही. पण परवानगीचा कागद आणि दरवर्षी येणारी पोती यांत झाडाची राखण कशानं जास्त होते, हे सांगायला नको. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातले हिरडे झोपले, आणि भरपाईसाठी किसान सभेच्या झेंड्याखाली लोक वर्षानुवर्षं भांडले. झाडाच्या नुकसानीसाठी इतकं भांडणारी माणसं महाराष्ट्रात किती ठिकाणी सापडतील?

इथं सरकारी वृक्षारोपणाची आठवण होते. 2019 साली राज्यानं 33 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. त्या आकड्याशी मला वाद घालायचा नाही. एवढंच विचारायचंय की त्यातलं प्रत्येक रोप मार्चमध्ये कुणाचं होतं?

मालकीचा प्रश्न आहुपे-डिंभे भागात फार तीव्रपणे आला, कारण तिथं लोकांचं होतं नव्हतं ते धरणानं घेतलं. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते मूळ गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी देवळं वर येतात. वरच्या बाजूला भीमाशंकर अभयारण्य, 1985 साली जाहीर झालेलं. खाली पाणी, वर शेकरूचं जंगल, आणि मधल्या उतारावर माणसं. ‘शाश्वत’ या संस्थेनं याच माणसांबरोबर काम केलं. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. जलाशयाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसण्याचा हक्क, जलाशयातल्या मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था आणि डोंगरउतारावरची भातखाचरं अशी ही कामं. 2012 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार ‘शाश्वत’ला मिळाला. ज्या पाण्यानं गाव बुडवलं त्याच पाण्यात जाळं टाकण्याचा हक्क मागायचा, याला पर्यावरण चळवळ म्हणावं की पोटाची लढाई? इथं दोन्हीचा पाट एकच.

भातखाचरांच्या कामाला इथं पडकई म्हणतात. देशावर इर्जिक असते तशीच ही रीत. आज सगळ्यांनी तुझ्या उतारावर राबायचं, उद्या माझ्या. दगड निवडून ताल रचायचे, त्यामागं माती ओढायची, पायरी सपाट करायची. एक खाचर जमायला दोन-तीन उन्हाळे जातात. पुढं सरकारनं पडकईला योजनेत घेतलं, मजुरी मिळाली आणि पाठोपाठ यंत्रंही आली.

30 जुलै 2014 रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी चालकामुळं, ज्याला नेहमीच्या वळणावर गावच दिसलं नाही. धोधो पाऊस, तीव्र उतार, झाडोरा कमी होणं, डोंगरावर यंत्रानं केलेलं सपाटीकरण अशा सगळ्या कारणांची तेव्हा चर्चा झाली. काहींनी पडकईलाच दोषी धरलं. मला तसं वाटत नाही. हातानं केलेल्या पडकईत एक सावधपणा आपोआप असतो: दगड हलला तर माणूस थांबतो, पाझर दिसला तर तिथं चर काढतो, आणि एका उन्हाळ्यात डोंगराचा फार मोठा घास घेणं त्याला जमतच नाही. जेसीबीला हे काही वाटत नाही. शब्द तोच राहिला, त्यातली माणसं निघून गेली.

आता खालच्या हद्दीत. वर आणि खाली कायदाही वेगवेगळं बोलतो. वनहक्क कायदा 2006 सालचा. त्याच्या कलम 5 नं ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि जैवविविधतेबरोबर लगतचं पाणलोट क्षेत्र नि पाण्याचे स्रोत राखायचाही अधिकार दिलाय. म्हणजे उगमाच्या गावाला कायदा पाण्याबद्दल बोलू देतो. धरणाच्या भिंतीखाली हा आवाज संपतो. पाणथळ जागांचे 2017 चे केंद्रीय नियम वाचले तर आणखी गंमत कळते. ‘पाणथळ जागा’ या व्याख्येतून नदीचं पात्र वगळलंय. भातशेती वगळलीय. पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेत. जुन्नर-आंबेगावच्या पाण्यातून हे तीन वजा करा आणि काय उरतं ते पाहा. पिंपळगाव जोग्याच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, छायाचित्रकार पहाटेपासून चिखलात बसतात. पण व्याख्येपुरती ती पाणथळ जागा नव्हे. गोदावरीवरचं नांदूर मधमेश्वर मात्र मूळचा सिंचनाचाच बंधारा, आणि तेच 2020 साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं स्थळ म्हणून जाहीर झालं. तेव्हा अडचण पक्ष्यांची खचितच नाही.

खाली नदीबद्दल लोक जागरूक नाहीत असं म्हणणं खोटं ठरेल. डिंभे ते माणिकडोह बोगद्याचा विषय निघाला की आंबेगावात किती माणसं रस्त्यावर येतात ते सगळ्यांनी पाहिलंय. कालवा सल्लागार समितीची बैठक आणि आवर्तनाची तारीख घराघरात ठाऊक असते. पण ही जागरूकता नदीतल्या पाण्याबद्दल आहे, नदीबद्दल नाही. काठावरचा उंबर, करंज, पात्रातली वाळू, डोहातला मासा हे कुणाच्याच सातबाऱ्यावर नाहीत. ऊस आणि टोमॅटो आहेत, मोटारी आहेत.

पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर ढापे टाकायचं काम सुरू होतं. हे दृश्य एकदा जवळून पाहावं. दहा-बारा माणसं, गंजलेल्या लोखंडी फळ्या, दोर, आरडाओरडा. मागच्या वर्षीचे किती ढापे चोरीला गेले त्यावरून आधी वाद, मग वर्गणीवरून. एकेक ढापा खाचेत उतरतो आणि पाणी इंचाइंचानं वर चढतं. शेवटी फटी बुजवायच्या असतात, तिथं माती, उसाचं पाचट, खताच्या फाटक्या गोण्या कोंबतात. काठावरचा एखादा म्हातारा तिथं बोट दाखवत राहतो, “अरे, इकडं गळतंय बघ.” पोरं तिकडं धावतात. पूर्ण गळती काही थांबत नाही. सकाळी बंधाऱ्याखालच्या कोरड्या खडकात तेवढ्याच एका धारेभोवती चार-पाच बगळे उभे असतात.